बिनपुठ्ठ्याच्या पुस्तकातला थोरला

आमच्या ग्रुपवर "कादंबरीत असं दाखवलंय" असं म्हणायला बंदी आहे. "लेखकाला असं सुचवायचंय" म्हणणाऱ्याला तर दोन दिवस तोंडच उघडू देत नाहीत. ही बंदी घातली ग्यानोबा काकांनी. काका निलंग्याचे, आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर झालेत. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या शेजारी बसलेल्या बाईबद्दल आपण घरी जाऊन "प्रवासी या पात्राचा स्वभाव" असं बोलतो का? मग पुस्तकातल्या माणसानं काय घोडं मारलंय? तो मागच्या गल्लीत राहतो असं धरायचं आणि बोलायचं.

त्यामुळे ग्रुपवर नवा आलेला माणूस पहिले काही दिवस बिचकून असतो. कुणी कुणाच्या सुनेला पळून जायचा सल्ला देतंय, कुणी कुणाच्या नवऱ्याचा उद्धार करतंय. त्याला वाटतं, आपण वाचकांच्या नाही, कुणाच्या तरी घरगुती भांडणाच्या ग्रुपवर आलो.

या बोलण्यात सगळ्यांच्या पुढे उदगीरच्या गुरम्मा अक्का. आणि याच बोलण्यापायी एक दिवस त्यांच्यावर ग्रुप सोडायची वेळ आली.

ग्रुपचं नाव 'उष्टं पुस्तक'. आमच्याकडे पुस्तक एकाकडून दुसऱ्याकडे फिरतं, पण कोरं पुढे पाठवायचं नाही. समासात आपलं काहीतरी लिहायचंच, आणि ज्यानं त्यानं आपल्या रंगाच्या पेन्सिलीनं. अक्कांची हिरवी, नांदेडच्या महामायाची लाल, काकांची निळी, लातूरला मी, माझी जांभळी. पुस्तक पोस्टानं जात नाही. काका फोन लावतात, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेला कुणीतरी कंडक्टर उदगीरच्या स्टँडवर ते घेऊन नांदेडच्या स्टँडवर उतरवतो. महामाया म्हणते, आमच्या पुस्तकांना तिकीट लागत नाही, कारण ती सगळी काकांची नातवंडं आहेत.

अक्का पन्नाशीपर्यंत वाचत नव्हत्या. माहेर औराद शहाजानीचं, शाळा नववीपर्यंत. मग लग्न होऊन उदगीरच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, आडत दुकानदारांच्या घरात आल्या आणि त्या मोठ्या स्वयंपाकघरात वर्षं गेली. श्रावणातली पोथी सोडली तर हातात पुस्तक नाही. चार वर्षांमागे हौदापाशी पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं आणि पावसाळाभर खाटेवर पडून राहावं लागलं. तेव्हा त्यांच्या वीरेशचं नुकतंच लग्न झालं होतं. सून सृष्टी लातूरची, बी.एड. झालेली, आणि तिच्या रुखवताबरोबर एक ट्रंक भरून पुस्तकं आलेली. सासूला छताकडे बघत पडलेलं पाहून तिनं एक पुस्तक उशाशी ठेवलं. म्हणाली, "आत्या, छताला काय पानं असतात का? हे बघा की जरा."

पाय बरा होईपर्यंत ट्रंक संपली. अक्का पुन्हा चालायला लागल्या, पण घरच्यांच्या मते खाटेवर पडलेली बाई वेगळी आणि उठलेली बाई वेगळी; उठलेलीनं वाचत बसायचं नसतं. मग सृष्टीनंच त्यांना आमच्या ग्रुपवर आणलं. अक्कांना टाईप करायला आवडत नाही. त्या आवाज पाठवतात. मागे कुकरची शिट्टी, भाकरी थापल्याचा आवाज, आणि मध्येच कुणाला तरी "दूध बघ ग" असं सांगणं. या आवाजावरच आम्ही त्यांना ओळखायचो. प्रत्यक्ष कुणी भेटलेलं नव्हतं.

महामाया नांदेडला एका खासगी दवाखान्यात नर्स आहे, अक्कांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान. दोघींचं कोणत्याच पुस्तकावर एकमत होत नाही. एकमेकींच्या समासात जाऊन भांडतात. हिरव्याखाली लाल, लालखाली पुन्हा हिरवं, बाण काढून पुढच्या पानावर. पण महामायाची आई गेली तेव्हा ती महिनाभर ग्रुपवर आली नाही. अक्कांनी फोन केला. महामाया म्हणाली, "अक्का, वाचायला बसते, पण डोळ्यात अक्षर ठरतच न्हाई." अक्का म्हणाल्या, "मग कानात घे." आणि रोज दुपारी, महामायाच्या जेवणाच्या सुट्टीत, फोनवर एकेक प्रकरण वाचून दाखवलं. आपल्याला न आवडलेलं पुस्तक वाचून दाखवलं, कारण ते महामायाच्या आवडीचं होतं. ही मैत्री अशी होती, आणि तिला अजून चेहरा नव्हता.

तर ते बिनपुठ्ठ्याचं पुस्तक. महामायाला ते नांदेडच्या रद्दीच्या दुकानात मिळालं. पुठ्ठा नाही, सुरुवातीची पानं नाहीत. नाव काय, लिहिलं कुणी, काही पत्ता नाही. वाचायला बसलं की एकदम एका घरात आपण उभे, आणि समोर भांडण चाललेलं. मोठं घर आहे. थोरला भाऊ देवघरात बसून घर चालवतो, म्हणजे जप करता करता कुणी कुठे जायचं न् कुणी नाही ते ठरवतो. धाकटा भाऊ काहीच बोलत नाही. धाकट्याच्या घरात एक शिकलेली सून आहे, तिला बाहेर काम करायचंय, आणि थोरल्यानं नको म्हटलंय.

अक्कांच्या घरात काय चाललंय हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. सृष्टीला उदगीरच्याच एका शाळेत नोकरीची संधी आली होती. गुंडप्पांचे, म्हणजे अक्कांच्या मालकांचे, थोरले भाऊ शिवप्रसाद दादा शेजारच्याच घरात राहतात. रोज सकाळी त्यांची पूजा तासभर चालते आणि ती संपल्याशिवाय दोन्ही घरांत कुणी महत्त्वाचं बोलत नाही. त्यांनी सांगितलं होतं, आपल्या घरच्या सुना पगार आणायला जात नसतात. गुंडप्पा काही बोलले नव्हते. वीरेश बापाकडे बघत राहिला होता.

त्या सकाळी अक्का भाकऱ्या करत होत्या. पुस्तकातलं शेवटून तिसरं प्रकरण आदल्या दिवशी संपलेलं, आणि त्या पेटलेल्या होत्या. पिठाचा हात, चष्मा फडताळात. फोनवर सगळ्यात वर आमचा ग्रुप असतो हे ठाऊक होतं, म्हणून अंगठा सगळ्यात वर दाबला. पण भावकीत कुणाचं तरी बारसं होतं, अभिनंदनाचा पाऊस चालला होता, आणि भावकीचा ग्रुप आमच्या डोक्यावर जाऊन बसला होता. पुण्यापासून हैदराबादपर्यंतची सगळी जवळची-लांबची चुलत माणसं असलेल्या 'शिवकृपा परिवार' या ग्रुपवर, पाळण्याच्या फोटोखाली, अक्कांचा आवाज पडला:

"हे बगा, मला तर त्या थोरल्याचा लई राग यायलाय. देवघरात बसलेला कोल्हा हाय त्यो. माळ हातात न् डोळा दुसऱ्याच्या सुनेच्या पायावर, कुठं निघाली का म्हणून. न् तिचा सासरा? पाण्यातला दगड. भिजतो, पण हलत न्हाई. मी म्हणते, त्या पोरीनं कुणाला विचारूच न्हाई. चप्पल घालावी न् निघावं. दूध बघ ग."

ते शेवटचं "दूध बघ ग" सृष्टीला होतं. तिनं दूध बघितलं, मग फोन बघितला, आणि धावत येऊन तो आवाज पुसून टाकला. पण तोवर निम्म्या भावकीनं ऐकला होता, आणि ज्यांनी ऐकला नव्हता त्यांना तो ज्यांनी ऐकला त्यांनी पाठवला. पुसल्यामुळे तर खात्रीच पटली. पुस्तकातलं असतं तर पुसलं कशाला असतं?

रविवारी बैठक ठरली. दादांनी निरोप धाडला होता तो सरळ होता. गुरम्मानं भावकीच्या ग्रुपवर माफी मागावी, आणि हा असला ग्रुप सोडावा. ज्या ग्रुपवर घरातली बाई असं बोलायला शिकते, तो घरात नको. त्याच्या पुढच्याच रविवारी आम्ही सगळे पहिल्यांदा भेटणार होतो, आणि तेही अक्कांच्या घरी. ते तर आपोआपच रद्द.

आमच्याकडे खळबळ. काका म्हणाले, मी येतो साक्षीला, कंडक्टरची साक्ष कोर्टातबी चालते. मी म्हटलं, ग्रुपचा नियमच एका कागदावर लिहून देऊ. अक्का आम्हाला म्हणाल्या, नको, मी मागते माफी. चूक तर माझीच हाय, अंगठा माझाच व्हता. फक्त ग्रुप सोडायचं बघू कसं टळतंय ते. तेवढ्यात महामायाचा आवाज आला. "अक्का, माझ्यापायी तुमच्या घरात वाद नको. मी त्या दिवशी येत न्हाई. तुमचं घर कसं हाय ते मी समजून राहिले."

यावर अक्कांनी काहीच पाठवलं नाही. कुकरची शिट्टीसुद्धा नाही.

पुढचं मला सृष्टीनं सांगितलं, आणि नंतर अक्कांनी, सगळ्यांचे आवाज काढून. समोरच्या खोलीत गादीवर दादा, शेजारी गुंडप्पा, दारापाशी वीरेश. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात दादांच्या मंडळी लक्ष्मम्मा आणि सृष्टी. अक्का उभ्या. त्या घरात भावजय थोरल्या दिराशी सरळ बोलत नाही. जे सांगायचं ते नवऱ्याला सांगायचं, नवरा पुढे सांगतो, माणूस हाताच्या अंतरावर बसलेला असला तरी. गुंडप्पा आयुष्यभर हे काम करत आले होते.

दादा चढ्या आवाजात बोलले नाहीत. ते कधीच बोलत नाहीत. ते म्हणाले, पुस्तकातलं होतं म्हणतात, तर पुस्तक बघू. अक्कांनी आणून दिलं. दादांनी वाचलं नाही, चाळलं. समासातले रंग बघून थांबले. हे हिरवं कुणाचं ते त्यांना कळलं. मग लालवर बोट ठेवलं. कुणाचं?

"ती म्हणती," गुंडप्पांनी सवयीनं सुरुवात केली, आणि अक्कांकडे बघितलं.

"मी म्हणायले ते त्यांना ऐकू येतंय," अक्का म्हणाल्या. आणि पदर सारखा करून थेट दादांकडे बघून सांगितलं, "महामायाचं हाय. नांदेडची नर्स. माझी मैत्रीण."

दादांनी आडनाव विचारलं. अक्कांनी सांगितलं. खोलीत जी शांतता झाली ती सृष्टीनं मला सांगताना पुन्हा केली, आणि मला ती लातूरला बसून कळली. मराठवाड्यात आडनावानंतरची शांतता कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

दादांनी पुस्तक गादीवर ठेवलं, जरा दूर. "उष्टं पुस्तक," ते म्हणाले. "म्हणजे आता कुणाकुणाचं उष्टं ह्या घरात यायचं."

"दादा, मठात पंगत बसली की तुम्हीच उठून सांगताव, आपल्यात उच-नीच न्हाई म्हणून," अक्का म्हणाल्या. "ते काय हात धुईपर्यंतच असतं का?"

गुंडप्पांनी घसा खाकरला. वीरेश दाराबाहेर बघायला लागला. दादांनी हे बोलणं झालंच नाही असं केलं आणि मूळ मुद्द्यावर आले. आता ऐक, म्हणाले. तुला कुणी घरातून काढायलं न्हाई. ग्रुपवर एवढंच बोल, की ते पुस्तकातलं होतं, सगळं खोटं होतं, आपल्या घराशी त्याचा संबंध न्हाई. आणि त्या लोकांतून निघ. संपला विषय.

वाट सोपी होती. सकाळपर्यंत अक्का तीच धरणार होत्या. पण त्यांनी वीरेशला म्हटलं, तो आवाज एकदा लाव. मी काय बोलले ते मी ऐकलंच न्हाई. पुसलेला आवाज कुणाकडे नाही असं कुणी म्हणायच्या आतच दिसलं, की तो वीरेशच्या फोनमध्ये होता, आणि दादांच्याही.

लावला. कोल्हा आला तेव्हा दादांनी खाली बघितलं. दगड आला तेव्हा गुंडप्पांनी छताकडे बघितलं. "चप्पल घालावी न् निघावं" आलं तेव्हा सृष्टीनं कुठंच बघितलं नाही. आणि "दूध बघ ग" ला अक्कांना हसू आलं. त्यांना ते आवरेना. उंबऱ्यात लक्ष्मम्मांनी तोंडाला पदर लावला.

"दादा," हसू ओसरल्यावर अक्का म्हणाल्या, "ते पुस्तकातलं हाय, हे मी सांगते. देवाशपथ सांगते. पण खोटं हाय म्हणून कसं सांगू? न् आपल्या घराशी संबंध न्हाई, हेबी मला म्हणता येईना. मी कुठं लावला संबंध? मी तर भाकऱ्या करत व्हते. संबंध तुम्ही लावलाव."

मग त्यांनी फडताळातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, भावकीचा ग्रुप नीट बघून उघडला आणि सगळ्यांच्या देखत बोलल्या. तो आवाज आता आमच्या ग्रुपवर जपून ठेवलाय. "मी गुरम्मा बोलते. बारशाच्या आनंदात माझा आवाज मध्ये पडला, त्याची माफी. लेकराला आशीर्वाद. मी जे बोलले ते एका पुस्तकातल्या माणसांबद्दल हाय. त्यातला थोरला, नाहीतर तो दगड, कुणाला ओळखीचा वाटला आसंल, तर त्यांनी पुस्तक मागून घ्यावं. मी पाठवते. एसटीनं येतंय. न् मी वाचणाऱ्यांच्या ग्रुपमधी हाय, तिथंच ऱ्हाणार हाय. पुढच्या रविवारी माझी माणसं घरी जेवायला यायलीत. कुणाला यायचं आसंल तर या."

दादा उठले. चप्पल घातली आणि निघाले. अक्का म्हणतात, पुस्तकात त्या पोरीनं जे करायला पाहिजे होतं, ते थोरल्यानंच केलं.

त्या दिवशी दुपारी महामायाला अक्कांचा फोन गेला. लांबण नाही. "तू येणार हायस. न्हाई आलीस तर मी नांदेडला यीन न् तुझ्या वॉर्डात बसून मोठ्यानं वाचीन."

आम्ही गेलो. काका निलंग्याहून, मी लातूरहून, महामाया नांदेडच्या गाडीनं. तिला घ्यायला स्टँडवर वीरेश आला होता. त्याला कुणी पाठवलं नव्हतं म्हणे. दोन्ही बायका दारात एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. ज्यांनी समासात एकमेकींचा एवढा उद्धार केलेला, त्या लाजल्या. मग महामाया म्हणाली, "तुम्ही आवाजावरून लई उंच वाटायच्या." आणि सुरू झाल्या.

अंबाडीची भाजी, येसराची आमटी, ज्वारीच्या भाकरी, गव्हाची गोड हुग्गी. एकच पंगत. सतरंजी गुंडप्पांनी अंथरली, हे सांगायला पाहिजे, कारण त्या घरात ते कधी कुणी बघितलेलं नव्हतं. वाढताना ते महामायापाशी थांबले.

"लाल पेन्सिल तुमची का?"

"हाव."

"त्या धाकट्याला तुम्ही लई बोलताव."

"बोलू नको का?"

"बोला," गुंडप्पा म्हणाले. "पण शेवटच्या प्रकरणात तो काय करतो तेबी ध्यानात घेऊन बोला." आणि हुग्गीचं पातेलं घेऊन पुढे गेले. अक्का तोंडात घास तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. आठवडाभर पुस्तक रोज दुपारी फडताळातून दुकानात जात होतं आणि संध्याकाळी जागेवर येत होतं, हे त्यांना तेव्हा कळलं. रात्री त्यांनी विचारलं म्हणे, काऊन वाचलं? ते म्हणाले, मला बघायचं व्हतं, तो दगड मीच हाय का. मग? म्हणाले, हाय. पण मी त्याच्यापेक्षा आधी हललो.

सृष्टीच्या नोकरीचं अजून काही ठरलेलं नाही. तिनं अर्ज केलाय, एवढं खरं, आणि तो कुणाला विचारून केलेला नाही. दादा अक्कांच्या घरी येत नाहीत. मोंढ्यात दोघे भाऊ शेजारी बसतात, पण बोलणं हमालामार्फत चालतं. मध्यस्थाची सवय घरात जुनीच आहे, फक्त माणूस बदललाय. भावकीतल्या दोन-तीन थोरांनी अक्कांना ग्रुपमधून काढा म्हटलं. ग्रुप चालवणाऱ्या हैदराबादच्या पुतण्यानं अजून काढलेलं नाही. त्याच्या बायकोनं पुस्तक मागितलंय.

पण तिचा नंबर दुसरा. पहिला त्याच रविवारी लागला. जेवणं उरकत आली होती, आणि मागच्या दारातून लक्ष्मम्मा आल्या. घरी देवळात जाते म्हणून सांगितलं होतं. कुणी काही बोलायच्या आत त्या पंगतीत महामायाच्या शेजारच्या रिकाम्या जागी बसल्या आणि हुग्गी मागितली. सावकाश खाल्ली. बोटं चाटली. मग अक्कांकडे वळून, साधं मीठ मागावं तसं विचारलं:

"गुरम्मा, त्यातला तो थोरला शेवटी मरतो का ग?"

"सांगणार न्हाई, जाऊबाई. घेऊन जावा न् वाचा."

लक्ष्मम्मांनी हात धुतले, पुस्तक घेतलं, पदराखाली धरलं. दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"मग पेन्सिलबी दे," म्हणाल्या. "काळी दे. ठळक उठंल अशी."